मऊ घासाने कॅप कशी फुटते?

प्रश्न : दीड वर्षापूर्वी माझ्या खालच्या उजव्या दाढेचे रूट कॅनाल झाले आणि तिच्यावर सिरॅमिकची कॅप बसवली. बसवताना कॅप उंच लागत होती, म्हणून डॉक्टरांनी ती तोंडातच दोन-तीनदा घासून कमी केली. एवढे दिवस काही त्रास नव्हता. परवा अगदी मऊ घास चावत असताना कट्‌कन आवाज झाला आणि गालाच्या बाजूचा मागचा कोपरा सुटून हातात आला. दुखत नाही. डॉक्टर म्हणतात, तुम्ही झोपेत दात खात असणार; मला तसे कधी जाणवलेले नाही. थोरली बहीण म्हणते, हलका माल वापरला. चूक नेमकी कोणाची, आणि आता सर्वांत मजबूत म्हणून झिर्कोनियाची कॅप बसवून घ्यावी का? पुढच्या एका दातावरही सिरॅमिकची कॅप आहे, तिचीही आता धास्ती वाटते.
— एक वाचक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आधी एक विनंती करतो. निघालेला तुकडा टाकून देऊ नका. तो नुसत्या पाण्याने धुवा, कोरडा करा आणि लहानशा डबीत कापसावर ठेवा. ब्रशने घासू नका आणि घरी चिकटवून पाहू नका. दुसरे असे की, दुखत नाही म्हणून दिवस ढकलू नका. रूट कॅनाल झालेल्या दाढेतली नस काढलेली असते, त्यामुळे वेदनेचा इशारा तिथे वेळेवर मिळत नाही. कॅपखालचे दाताचे अंग किंवा आतले भरण उघडे पडले असेल, तर लाळेबरोबर जंतू आत झिरपतात आणि व्यवस्थित झालेले रूट कॅनालही पुन्हा करण्याची वेळ येते. म्हणून या आठवड्यातच दाखवा आणि जाताना ती डबी बरोबर न्या.

आता तुमच्या पत्रातल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतो. ती म्हणजे मऊ घास. कठीण पदार्थ चावून कॅप टिकली आणि मऊ घासाला फुटली, हे तुम्हाला विचित्र वाटते. परंतु सिरॅमिकच्या बाबतीत हेच नेहमीचे आहे. धातूवर जास्त भार आला की तो वाकतो, दबतो, म्हणजे मोडण्याआधी काही सोसतो. सिरॅमिक वाकत नाही. दाब ते फार चांगला पेलते, पण ताण, म्हणजे दोन्हीकडून ओढ बसणे, त्याला मुळीच मानवत नाही. त्यातच प्रत्येक सिरॅमिकच्या पृष्ठभागावर आणि आतही डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा आणि पोकळ्या असतात. ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० मध्ये काचेबाबत दाखवून दिले की, काच तिच्या रासायनिक बंधांच्या मानाने कितीतरी कमी भाराला फुटते, आणि याचे कारण या सूक्ष्म चिरांच्या टोकाशी ताण एकवटतो हे आहे. काच कापणारा कारागीर काचेवर नुसती एक रेघ ओढतो आणि मग हलक्या हाताने ती त्या रेघेवर मोडतो; कॅपवर कुठे अशी रेघ उमटली असेल, तर तिचे वागणे याहून वेगळे नसते.

तोंडात याला आणखी एक गोष्ट साथ देते, ती म्हणजे पाणी. काचेचा अंश असलेल्या सिरॅमिकमध्ये सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे बंध असतात, आणि चिरेच्या टोकाशी ताणलेल्या अवस्थेतले हे बंध पाण्याच्या रेणूंमुळे सुटे होत जातात. चीर कोरड्यात जिथे थांबली असती, तिथे ती ओलाव्यात कणाकणाने पुढे सरकते, आणि प्रत्येक चावा तिला थोडी आणखी उघडतो. असे महिनोन्‌महिने चालते. कॅप बाहेरून जशीच्या तशी दिसते, दुखत नाही, हलत नाही. एके दिवशी चीर अशा लांबीला येते की उरलेला भाग साधा चावाही पेलू शकत नाही. तुमच्या मऊ घासाने कॅप फोडली नाही. तिचे फुटणे बहुधा फार आधी सुरू झाले होते आणि त्या दिवशी ते पूर्ण झाले. म्हणून ‘तुम्ही काय खाल्ले’ या प्रश्नाला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. चीर कुठे सुरू झाली आणि तिथे ताण का आला, हे शोधले पाहिजे.

हे शोधता येते, आणि म्हणूनच तुकडा जपायला सांगितला. फुटलेला पृष्ठभाग भिंगाखाली तिरप्या उजेडात धरला तर त्यावर बारीक रेषा दिसतात. चीर ज्या दिशेने धावली त्या दिशेने त्या गेलेल्या असतात. जिथे चीर शेवटी बाहेर पडली त्या कडेला बहुतेक वेळा एक वळलेला ओठ राहतो, कारण त्या बाजूला सिरॅमिक दाबाखाली असते आणि चिरेला वळण घ्यावे लागते. या खुणा उलट्या वाचत गेल्या की उगमाची जागा सापडते. साध्या भिंगातून ठळक खुणाच दिसतील, बाकीच्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो. पण उगम चावण्याच्या पृष्ठभागावर आहे, आतल्या बाजूला आहे की हिरडीजवळच्या कडेला आहे, एवढे कळले तरी निम्मे काम झाले. तोंडात राहिलेली कॅप कापून काढण्यापूर्वी तिच्या फुटलेल्या भागाचा सिलिकॉनचा ठसा घेऊन ठेवावा, अशी विनंती तुमच्या डॉक्टरांना करा. एकदा कॅप कापली की तो पुरावा जातो.

उगम चावण्याच्या पृष्ठभागावर निघाला, तर तोंडात केलेल्या त्या घासणीकडे बोट जाते. कॅप उंच लागली म्हणून ती घासणे यात गैर काही नाही. ते अनेकदा करावेच लागते. परंतु हिऱ्याचे कण बसवलेल्या बरने (ड्रिलच्या फिरत्या टोकाने) घासलेल्या सिरॅमिकवर ओरखडे उमटतात आणि त्यांच्या तळाशी नव्या चिरा तयार होतात. जाड कणांचा बर, जोराचा हात आणि कमी पाणी असेल तर त्या खोल जातात. घासल्यानंतर सिरॅमिकसाठीच्या रबरी पॉलिशरने, जाडापासून बारीकपर्यंत क्रमाने, तो भाग पुन्हा गुळगुळीत केला पाहिजे, किंवा कॅप अजून सिमेंटने बसवलेली नसेल तर लॅबमध्ये पाठवून पुन्हा ग्लेझ, म्हणजे भट्टीतली काचेसारखी झिलई, करून आणली पाहिजे. घाईच्या दिवशी नेमकी हीच पायरी गळते, आणि रुग्णाला ते कळण्याचा मार्ग नसतो. तुम्ही जिभेने तो पृष्ठभाग चाचपून पाहिला असेल; खरखरीत लागत होता का, हे आठवले तर डॉक्टरांना जरूर सांगा.

पण मला त्याहून मोठा प्रश्न पडतो तो असा की, कॅप उंच का लागली? त्याचे एक कारण माप घेताना किंवा लॅबमध्ये झालेला बारीकसा फरक हे असू शकते. दुसरे, आणि दाढांच्या बाबतीत वारंवार दिसणारे कारण म्हणजे, दात तयार करताना सिरॅमिकला पुरेशी जागा दिलीच गेली नव्हती. खालच्या दाढेचा गालाच्या बाजूचा उंचवटा हा चावण्याचा मुख्य भार घेतो, आणि मागचा कोपरा तर असा की तिथे हात नीट पोहोचत नाही, तोंड पूर्ण उघडत नाही आणि जागा कमी राहून जाते. तुमचा तुकडा नेमका तिथूनच निघाला आहे. काच-सिरॅमिकच्या कॅपला दाढेच्या चावण्याच्या बाजूस सर्वसाधारणपणे दीड ते दोन मिलिमीटर जाडी लागते. थर वाकवणाऱ्या भाराला पातळ थर किती सोसतो, ते जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते; म्हणजे दीड मिलिमीटरऐवजी एकच मिलिमीटर उरला, तर ताकद एक तृतीयांशाने नव्हे, तर निम्म्याहूनही अधिक घटते. मग आधीच कमी असलेल्या जाडीतून तोंडात आणखी थोडे घासून काढले, तर काय उरले असेल याचा अंदाज करा. तुकड्याची जाडी मोजणारे साधे मापक प्रत्येक लॅबमध्ये आणि बहुतेक दवाखान्यांत असते. ती मोजून घ्या. या एका आकड्याने अनेक वाद मिटतात.

उगम आतल्या बाजूला निघाला, तर विचार वेगळा करावा लागतो. कॅप ही स्वतःच्या बळावर उभी नसते; ती खालच्या आधारावर टेकलेली असते. दाताचे आतले अंग, म्हणजे दंतिन, सिरॅमिकपेक्षा कितीतरी लवचीक असते आणि सिमेंट त्याहूनही लवचीक. वरून भार आला की कॅप किंचित वाकते आणि तिच्या आतल्या पृष्ठभागाला ओढ बसते. नेमकी हीच गोष्ट सिरॅमिकला सोसत नाही. फुटलेल्या कॅपांच्या तपासणीत चिरेचा उगम या आतल्या बाजूला किंवा कडेला सापडणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी, १९०३ च्या सुमारास दंतवैद्य चार्ल्स लँड यांच्या पोर्सेलिनच्या जॅकेट क्राउन, म्हणजे पूर्ण दात झाकणाऱ्या कॅप, वापरात आल्या, तेव्हापासून ही आतून येणारी चीर दंतवैद्यांच्या मागे लागली आहे. १९६० च्या दशकात धातूवर पोर्सेलिन चढवण्याची पद्धत रूढ झाली तिचे मोठे यश हेच होते की, धातूला घट्ट धरलेल्या पोर्सेलिनच्या आतल्या पृष्ठभागाला ओढ बसेनाशी झाली. १९६५ मध्ये मॅकलीन आणि ह्यूज यांनी पोर्सेलिनमध्ये अ‍ॅल्युमिनाचे कण मिसळले, तेही चिरेला वाटेत अडवण्यासाठीच.

आज धातूचे ते काम बऱ्याच अंशी बाँडिंगकडे आले आहे. काच-सिरॅमिकच्या कॅपची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक आम्लाने ठरावीक सेकंद खरवडली जाते, तिच्यावर सायलेन हे सिरॅमिक आणि रेझिन यांना जोडणारे द्रव्य लावले जाते आणि मग रेझिन सिमेंट त्या सूक्ष्म खाचांत शिरून सिरॅमिक आणि दात यांना एकजीव करते. लिथियम डायसिलिकेट या आजच्या काच-सिरॅमिकसाठी सुमारे ५ टक्के आम्ल २० सेकंद पुरते. जुन्या पद्धतीच्या फेल्डस्पारयुक्त पोर्सेलिनला अधिक वेळ लागतो. ही बांधणी नीट झाली तर कॅपचे बळ वाढते, कारण आतल्या चिरांची तोंडे सिमेंटने भरली जातात. बिघडली तर कॅप दिसायला बसलेली असते, पण खाली आधार नसतो. ती बिघडण्याची कारणे फार साधी असतात: कॅप तोंडात घालून पाहिल्यावर तिच्या आत लागलेली लाळ नीट साफ न करणे, हिरडीतून येणारा ओलावा, सिमेंटमध्ये राहिलेला हवेचा बुडबुडा. रबर डॅम (दात लाळेपासून अलग ठेवणारा रबरी पडदा) लावून दात कोरडा ठेवण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठीच, आणि रुग्णांनी त्याचा कंटाळा करू नये असे मला मनापासून वाटते. दात तयार करताना राहिलेला टोकदार आतला कोनही असाच घातक असतो, कारण तिथे ताण एकवटतो. आतले सगळे कोन गोलसर हवेत.

लॅबकडूनही दोष येऊ शकतो, तो थोडक्यात सांगतो. थरात अडकलेली पोकळी, भट्टीतले चुकलेले तापमान, भाजून झाल्यावर केलेली कोरडी घासणी ही त्याची उदाहरणे. झिर्कोनियाच्या गाभ्यावर पोर्सेलिनचा थर चढवलेली कॅप भट्टीतून काढून झटपट थंड केली, तर झिर्कोनिया उष्णता फार सावकाश सोडत असल्याने वरच्या थरात ताण अडकून राहतो आणि पुढे त्या थराचा टवका उडतो. गाभा शाबूत राहतो, पांढरे पोर्सेलिन तेवढे निघते. तुकडा निघाला त्या जागी कॅपवर असा वेगळ्या रंगाचा, अपारदर्शक थर दिसतो का, हे पाहा. दिसत असेल तर तुमची कॅप मुळात झिर्कोनियाचीच असू शकते आणि मग ‘आता झिर्कोनियाची घ्यावी का’ हा प्रश्नच बदलतो.

आता झोपेत दात खाण्याविषयी. तुम्हाला जाणवत नाही, यावरून ते होत नाही असे ठरत नाही. झोपेत दात खाणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसते. सकाळी जबड्याचे स्नायू आंबल्यासारखे वाटतात का, कानशिलाजवळ दुखते का, जिभेच्या कडेला दातांचे ठसे दिसतात का, शेजारी झोपणाऱ्याला कधी करकर आवाज आला आहे का, हे आठवून पाहा. डॉक्टरांनी तुमच्या बाकीच्या दातांवर घासून झालेले सपाट, चकचकीत डाग शोधावेत. ते सुळ्यांच्या टोकांवर सर्वांत आधी दिसतात. जेवताना आपण जबड्याच्या ताकदीचा थोडाच भाग वापरतो, झोपेत मात्र तो आवर सुटतो आणि दात आडवे घासले जातात, ज्याने ताण सर्वांत वाईट दिशेने पडतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांचे म्हणणे खरेही असू शकते. परंतु माझे स्पष्ट मत असे आहे की, या खुणा कॅप बसवण्यापूर्वी पाहायच्या असतात. त्या आधी दिसल्या असत्या तर पदार्थ, जाडी आणि रात्री घालायचा नाइट गार्ड हे सगळे त्यानुसार ठरले असते. कॅप फुटल्यावर, खुणा न दाखवता, रुग्णाच्या झोपेवर ठपका ठेवणे मला पटत नाही. तसेच तुकडा न पाहता ‘माल हलका’ म्हणणेही पटत नाही. आपल्या थोरल्या बहिणीला एवढे अवश्य सांगा की, उत्तम पदार्थाची पातळ, खरखरीत कॅप साध्या पदार्थाच्या पुरेशा जाड आणि नीट बसवलेल्या कॅपच्या आधी फुटू शकते.

चूक कोणाची, याचे उत्तर पत्रावरून देणे अन्यायाचे होईल. तुमच्या हकिगतीवरून माझा कल जागेची कमतरता आणि त्यावर झालेली घासणी यांच्याकडे आहे, एवढे सांगतो. खात्री तुकडाच देईल. शिवाय अशी मोडतोड क्वचितच एका कारणाने होते. पातळ जागी ओरखडा, ओरखड्यावर आडवा भार आणि चिरेत लाळ, असे सगळे एकत्र आले म्हणजे कॅप जाते.

झिर्कोनियाबद्दल आता बोलतो. फेल्डस्पारयुक्त पोर्सेलिन वाकवणाऱ्या भाराखाली साधारण १०० मेगापास्कलच्या (ताण मोजण्याचे एकक) आसपास मोडते, लिथियम डायसिलिकेट ४०० च्या आसपास, आणि ३ मोल टक्के यिट्रिया (झिर्कोनियात मिसळले जाणारे एक ऑक्साइड) असलेले झिर्कोनिया १,००० च्या आसपास. याचे रहस्य १९७५ मध्ये गार्वी आणि सहकाऱ्यांनी मांडले: चीर पुढे सरकू लागली की तिच्या टोकाजवळचे झिर्कोनियाचे स्फटिक रूप बदलतात, त्यांचे आकारमान ३ ते ५ टक्क्यांनी वाढते आणि ते चिरेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. सिरॅमिकमध्ये असा गुण दुर्मीळ आहे. म्हणून दाढेवर, विशेषतः दात खाण्याची सवय असणाऱ्यांना, वरचा पोर्सेलिनचा थर नसलेली अखंड झिर्कोनियाची कॅप मी स्वतः अनेकदा सुचवतो. परंतु झिर्कोनिया या नावाखाली आज अनेक पदार्थ मिळतात. अधिक पारदर्शक दिसावे म्हणून ज्यात यिट्रिया ५ मोल टक्क्यांपर्यंत वाढवलेले असते, त्यात हे रूप बदलणे जवळजवळ होत नाही आणि ताकद साधारण निम्म्यावर येते. तेव्हा नुसते ‘झिर्कोनिया’ म्हणू नका. कोणत्या प्रकारचे, हे लिहून घ्या.

दुसरे असे की, झिर्कोनियात काच नसल्याने नेहमीच्या आम्लाने ते खरवडले जात नाही. त्याला अ‍ॅल्युमिनाच्या बारीक कणांचा कमी दाबाचा मारा आणि एमडीपी हा घटक असलेला प्रायमर (सिमेंटआधी लावायचे द्रव्य) लागतो. लाळेतले फॉस्फेट त्याच्या पृष्ठभागाला चिकटून बसते, आणि ते काढायला फॉस्फोरिक आम्ल वापरले तर काम आणखी बिघडते. त्यामुळे दाढ आखूड असेल तर झिर्कोनियाची कॅप न फुटता अखंड निघून येऊ शकते. न फुटणाऱ्या कॅपखाली दात किडणे किंवा मूळच तडकणे हेही अपयशच आहे, आणि ते अधिक महागात पडते, कारण कॅप नवी करता येते, मूळ करता येत नाही. समोरचा, म्हणजे या कॅपवर मिटणारा वरचा दात झिजेल ही भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे. नीट पॉलिश केलेले झिर्कोनिया समोरच्या दाताशी सौम्य वागते, खरखरीत राहिलेले वागत नाही.

सारांशाने नव्हे, तर तुम्ही डॉक्टरांकडे गेल्यावर काय घडावे म्हणून सांगतो: तुकड्याची जाडी मोजली जावी, उगमाची बाजू पाहिली जावी, दाढेत पुरेशी जागा आहे का हे तपासून नसेल तर ती आधी करून घेतली जावी. टवका फक्त वरचा असेल, दाताचे अंग उघडे नसेल आणि शेजारच्या दाताशी असलेला स्पर्श शाबूत असेल, तर कडा पॉलिश करून किंवा काँपोझिटने भरूनही भागते. नवी कॅप लागतेच असे नाही. तुमच्या वर्णनातला पूर्ण कोपरा गेला असेल तर बहुधा लागेल. नवी कॅप बसवण्यापूर्वी काच-सिरॅमिकची असल्यास सिमेंट न लावता तिच्यावर जोराने चावायला कोणी सांगितले तर नम्रपणे नकार द्या. चाव्याची तपासणी रंगीत कागदावर दात मिटून आणि जबडा दोन्ही बाजूंना सरकवून, अशी दोन्ही प्रकारे व्हावी. घासणी करावी लागलीच, तर ‘आता हा भाग पॉलिश करणार ना?’ असे विचारायला संकोच करू नका. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

पुढच्या दाताच्या कॅपची धास्ती सोडा. पुढच्या दातांवर भार दाढांच्या मानाने कमी असतो, आणि तुमची कॅप आजवर ठीक असेल तर केवळ दाढेची फुटली म्हणून तिचे भवितव्य तसेच असेल असे नाही. दोरा तोडणे, नखे कुरतडणे, टोपण दाताने उघडणे एवढे मात्र टाळा, आणि झोपेत दात खाण्याच्या खुणा निघाल्या तर नाइट गार्ड दोन्ही कॅपांसाठी वापरा. दवाखान्यात कधी फ्लोराइडचे जेल लावायचे ठरले, तर तोंडात सिरॅमिक असल्याचे आठवणीने सांगा. आम्लयुक्त फॉस्फेट फ्लोराइडने सिरॅमिकची चकाकी खरवडली जाते, तिथे आम्ल नसलेले सोडियम फ्लोराइड वापरता येते. पुढची तपासणी होईपर्यंत त्या कॅपला हात लावण्याचे कारण मला दिसत नाही.